दगडखाण संपल्यावर काय?



माझे बाबा दगडखाणीत कामाला आहेत. आमच्याकडे तिला खदान म्हणतात. बाबा दगडाला ड्रिलने भोके पाडतात. मग सुरुंगवाले त्यात दारू भरतात, शिट्टी होते, सगळे लांब जातात आणि मोठा आवाज होतो. आमच्या फळीवरची भांडीसुद्धा थरथरतात. फुटलेला दगड डंपरने क्रशरवर जातो आणि त्याची खडी होते. बाबांच्या पगारावर आमचे घर चालते. माझे दप्तर आणि ताईची सायकल त्यातूनच आली. म्हणून मी खदानीला नावे ठेवणार नाही. पण जे खरे आहे ते लिहिणार आहे.

गेल्या हिवाळ्यात एके संध्याकाळी बाबा घरी आले आणि म्हणाले, "खदानीच्या कड्यावर घुबडानं अंडी घातलीत. उघड्या दगडावर. घरटं नाय, काय नाय."

आजी लगेच म्हणाली, "दिवेलागणीला त्याचं नाव नको काढूस. अशुभ असतं."

मी विचारले, "बाबा, मग पुढे काय?"

बाबा म्हणाले, "तो कडा पुढच्या आठवड्यात फोडायचा हाय."

मी म्हणाले, "मग अंड्यांचे काय होणार?" बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "काम थांबलं तर हजेरी बुडते, पोरी."

त्या रात्री मला लवकर झोप आली नाही. अंडी पण खरी आणि हजेरी पण खरी. दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना सांगितले. तेव्हापासून मी खदानीचा अभ्यास करू लागले. तोच अभ्यास या भिंतीवर लिहिला आहे.

दगड कशाला लागतो?

आपला सह्याद्री काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून तप्त लाव्हारस बाहेर आला. तो थरावर थर साचून थंड झाला आणि त्याचा हा दगड झाला. हा दगड फार टणक असतो. म्हणून तो बांधकामाला चांगला.

आपल्या शाळेचा पाया दगडाचा आहे. रस्त्याची खडी दगडाची. आपल्या शहापूर तालुक्यातले तानसा धरण १८९२ साली पुरे झाले, तेही दगडी बांधणीचे आहे. त्याचे पाणी मुंबईला जाते. आपल्याच तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. त्याचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. एवढ्या रस्त्याला किती खडी लागली असेल याचा विचार करा. तेव्हा "दगड काढूच नका" असे म्हणून चालणार नाही. ज्याला घर हवे, शाळा हवी, रस्ता हवा, त्याला दगड हवाच.

मग चुकते कुठे? ते आता पाहू या.

दगड काढला की काय जाते?

खदान सुरू करताना आधी झाडे काढतात. मग वरची माती काढतात. मग मुरूम. मग दगड लागतो. आपण म्हणतो, "दगड गेला." पण दगडाच्या आधी माती गेलेली असते. त्या मातीत गवताचे बी असते, गांडूळ असते, मुंग्यांचे वारूळ असते, सापाचे बीळ असते. गवत गेले की ससा जातो. करवंदाची जाळी गेली की तितर आणि मुंगूस जातात. फूल गेले की मधमाशी जाते. दगडाचे पैसे मिळतात. या बाकीच्यांचे कोणी मोजत नाही.

आमचे आजोबा सांगतात की त्या डोंगरावर ते शेळ्या चारायचे. आता शेळ्यांना दुसऱ्या अंगाला न्यावे लागते. म्हणजे माणसाचेही गेलेच.

आम्ही केलेले निरीक्षण

गावापासून थोड्या अंतरावर एक जुनी, बंद पडलेली खदान आहे. एका शनिवारी गुरुजी आम्हा पाच मुलांना तिथे घेऊन गेले. दोन पालकही सोबत आले. गुरुजींनी आम्हाला कडेपासून वीस पावले लांब उभे केले आणि बजावले की एकानेही पुढे जायचे नाही. खदानीच्या खड्ड्यात पावसाचे पाणी साठलेले असते. ते किती खोल आहे ते वरून कळत नाही. कडा सरळ असतो, धरायला काही नसते. पोहता येणारा माणूससुद्धा त्यात बुडतो.

आम्ही जे पाहिले ते वहीत लिहिले :

१) पाण्यावर टिबुकली होती. ती बुडी मारायची आणि भलतीकडेच वर यायची.
२) खंड्या पक्षी दगडावर बसून मासा शोधत होता.
३) पाकोळ्या कड्याजवळ गोल गोल उडत होत्या.
४) मातीच्या उभ्या कडेला गोल भोके होती. गुरुजी म्हणाले, ही वेड्या राघूची घरे. तो चोचीने माती उकरून आत अंडी घालतो.
५) चिखलात पायांचे ठसे होते. एक शेळीचा आणि एक मुंगसाचा.

म्हणजे बंद खदान अगदी मेलेली नव्हती. मला आनंद झाला. पण मग आम्हाला एक गंमत दिसली. खदानीच्या एका अंगाला कोणीतरी काढलेली माती आणि मुरूम परत पसरला होता. दुसऱ्या अंगाला नुसता उघडा दगड होता. गुरुजींनी काठीने दोन्हीकडे सारख्याच मापाचे चौकोन आखले आणि म्हणाले, "मोजा." मातीच्या अंगाला आम्ही नऊ प्रकारची रोपे मोजली. त्यात गवत, करवंद, धायटी आणि पळसाचे एक पोर होते. उघड्या दगडावर एकच निघाले, तेही भेगेतले गवत.

पाऊस दोन्हीकडे सारखा पडला. ऊन सारखे. वर्षेही सारखीच गेली. मग फरक कशाचा? फरक मातीचा.

गुरुजी म्हणाले, "निसर्गाला बोटाच्या पेराएवढी माती तयार करायला शेकडो वर्षे लागतात. खदानीचे यंत्र ती एका दिवसात काढते. म्हणून जो माती काढतो त्याने ती जपून एका बाजूला ठेवावी आणि काम झाले की परत पसरावी."

मी विचारले, "गुरुजी, पण ज्या खदानीत मातीच उरली नसेल तिथे?" तेव्हा गुरुजींनी आम्हाला एक खरी गोष्ट सांगितली.

वाणीची गोष्ट

वर्गातल्या नकाशात पाहा. आपला अरबी समुद्र ओलांडला की आफ्रिका लागते. तिथे केनिया नावाचा देश आहे आणि समुद्रकाठी मोंबासा हे शहर. मोंबासाजवळ बांबुरी येथे सिमेंटचा कारखाना आहे. तो १९५४ साली सुरू झाला. सिमेंटसाठी चुनखडीचा दगड लागतो. तो काढून काढून तिथे मोठी उघडी खाण झाली. झाड नाही, सावली नाही, माती नाही. खाली खारे पाणी.

त्या कंपनीत रेने हालर नावाचे स्वित्झर्लंडचे शेतीतज्ज्ञ होते. १९७१ साली त्यांनी त्या खाणीत २६ जातींची झाडे लावून पाहिली. त्यांतल्या फक्त ३ जाती जगल्या. त्यांतली एक सुरू. सुरूचे झाड आपण सहलीत केळव्याच्या समुद्रकिनारी पाहिले होते, तेच. सुरूच्या मुळांवर गाठी असतात. त्या गाठींतले सूक्ष्म जीव हवेतून खत ओढून घेतात. म्हणून सुरू वाळूतही वाढते आणि दगडातही.

सुरूची झाडे वाढली. पण नवीनच अडचण आली. त्यांच्या सुया खाली पडत आणि तशाच पडून राहत. कुजत नसत. कुजले नाही तर माती कशी होणार?

मग हालर यांना एक छोटा किडा ह्या सुया खाताना दिसला. तो कोण? वाणी! वाणी म्हणजे दुकानदार नव्हे. पावसाळ्यात आपल्या ओट्यावर, भिंतीवर पुष्कळ पायांची लांब वाणी चालते ना, तीच. हात लावला की गोल वेटोळे करते. म्हणून काही ठिकाणी तिला पैसा असेही म्हणतात. तिथली वाणी तांबड्या पायांची आहे. हालर यांनी अशा वाण्या गोळा करून आणल्या आणि सुरूच्या बनात सोडल्या. वाण्यांनी सुया खाल्ल्या. त्यांच्या विष्ठेचे खत झाले. खताची माती झाली. मातीत दुसरी झाडे आली. झाडांवर पक्षी आले. खड्ड्यांत पाणी होतेच, त्यात मासे आले. पुढे तिथे जिराफ, हरणे, मोठी कासवे आणि पाणघोडेही राहू लागले. १९८४ साली ते रान लोकांना पाहण्यासाठी खुले झाले. आज त्याला हालर पार्क म्हणतात.

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा पाणघोड्याचे एक पिल्लू आईपासून सुटून समुद्रात अडकले. लोकांनी जाळे टाकून त्याला वाचवले आणि या रानात आणले. त्याचे नाव ओवेन ठेवले. तिथे म्झी नावाचे सुमारे १३० वर्षांचे मोठे कासव होते. पिल्लू त्या म्हाताऱ्या कासवाच्या मागे मागे फिरू लागले, त्याच्याजवळ झोपू लागले. जिथे एकेकाळी गवताची काडी नव्हती, तिथे एका पोरक्या पिल्लाला आसरा मिळाला.

ही गोष्ट ऐकल्यापासून मी वाणीला चपलेने मारत नाही. तुम्हीही मारू नका.

आपल्या शेजारचे गोवे

कोणी म्हणेल, आफ्रिका लांब आहे. मग गोवा तर जवळ आहे. उत्तर गोव्यात डिचोली तालुक्यात साखळी हे गाव आहे. तिथे सेसा गोवा कंपनीची लोखंडाच्या खनिजाची खाण होती. खनिज संपल्यावर कंपनीने तिथे झाडे लावली. आधी सुरू आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ अशी कणखर झाडे, मग काजू, बांबू आणि औषधी वनस्पती. खाणीच्या खड्ड्यातल्या पाण्यात मासे वाढवले. फुलपाखरांसाठी बाग केली. १९९९ साली तिथे मुलांना फुटबॉल शिकवणारी अकादमी सुरू झाली. जिथे खाण होती तिथे आता मुले खेळतात, हे ऐकून आमच्या वर्गातली मुले फार खूश झाली.

पण एक बाजू सांगून दुसरी लपवू नये. गोव्यात सगळ्याच खाणींचे असे झाले नाही. पावसाळ्यात मातीच्या ढिगांवरून लाल गाळ वाहून भाताच्या शेतांत आणि नद्यांत गेला. शेतकऱ्यांचे नुकसान झाले. शेवटी २०१२ साली गोव्यातले खाणकाम थांबवावे लागले आणि खाणीवर पोट असलेल्या पुष्कळ माणसांचे काम गेले. यातून मी हे शिकले की रानाची काळजी घेतली नाही तर शेवटी मजुराचीही हजेरी बुडते.

जे परत येत नाही

आता एक महत्त्वाची गोष्ट. झाडे लावली म्हणजे सगळेच परत येते असे नाही.

आपल्या तालुक्यात तानसा अभयारण्य आहे. ते १९७० साली झाले. तिथे साग, ऐन, खैर, बांबू अशी झाडे आहेत. तिथे २०१४ साली रानपिंगळा दिसला. रानपिंगळा हे छोटे घुबड आहे. १८८४ नंतर ११३ वर्षे तो कोणाला सापडला नव्हता. जगातून संपला असे लोक समजत होते. मग १९९७ साली तो नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडला. आणि नंतर आपल्या तानशाच्या रानातही! रानपिंगळा मोठ्या झाडाच्या ढोलीत राहतो. ढोली व्हायला झाड म्हातारे व्हावे लागते. आज लावलेल्या रोपाला ढोली नसते. म्हणून अशा रानात खदान काढून नंतर झाडे लावतो म्हणणे योग्य नाही. काही ठिकाणी दगड काढावा आणि माती परत द्यावी. काही ठिकाणी हातच लावू नये.

नियम काय सांगतो?

८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला सांगितले की खाणीचा परवाना देताना एक अट घाला. काम संपल्यावर खाणवाल्याने तिथे पुन्हा गवत उगवावे, म्हणजे गुरांना चारा होईल आणि झाडे-प्राणी वाढतील. त्याचा खर्च खाणवाल्यानेच करायचा. गुरुजींनी हे वाचून दाखवले तेव्हा आजोबांची आठवण झाली. न्यायालयालाही शेळ्यांचा चारा महत्त्वाचा वाटला!

घुबडाचे पुढे काय झाले?

तुम्ही हेच विचारणार हे मला ठाऊक आहे.

गुरुजी म्हणाले की हे शृंगी घुबड असावे. त्याच्या डोक्यावर शिंगासारखी दोन पिसे असतात. ते घरटे बांधत नाही. कड्याच्या कपारीत, नदीच्या दरडीवर, जुन्या खाणीत, जमिनीवरच अंडी घालते. पुणे जिल्ह्यात डॉ. सतीश पांडे यांच्या इला फाउंडेशनने या घुबडांचा खूप अभ्यास केला आहे. त्याचे मुख्य खाणे उंदीर-घुशी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबडाला संरक्षण आहे.

बाबांना कड्याखाली एक राखाडी गोळा मिळाला होता. घुबड शिकार गिळते आणि हाडे-केस यांचा गोळा करून तोंडातून बाहेर टाकते. गुरुजींनी तो वर्गात कागदावर काडीने उकलला. आत उंदरांचे पिवळे दात आणि कवटी निघाली. एका गोळ्यात दोन उंदीर! मी घरी जाऊन आजीला सांगितले, "आजी, तू कणगीला मांजर बांधायला सांगतेस ना? हे फुकटचे मांजर आहे." आजी हसली. अशुभ म्हणायचे तिने अजून सोडले नाही, पण आता हळू म्हणते.

मग बाबांनी मुकादमांना विचारले. मला वाटले ते रागावतील. ते आधी हसले. मग कडा बघून आले आणि म्हणाले, "या अंगाला मुरूम जास्त हाय. तशी घाई नाय. होळीपर्यंत पलीकडचा कडा घेऊ." झाले! एकाचीही हजेरी बुडाली नाही. काम थांबले नाही, फक्त जागा बदलली. होळीच्या सुमाराला बाबांनी सांगितले की दोन पिल्ले कपारीतून बाहेर येऊन दगडांवर टुणटुण चालतात. पुढे ती उडून गेली. नंतर तो कडा फोडला. आता घुबडांनी दुसरी कपार शोधली असेल.

मला मात्र एक प्रश्न राहिला. खदानीतला दगड कधीतरी संपणारच. मग डोंगराचे काय? आणि बाबांच्या कामाचे काय? मी बाबांना बांबुरीची आणि साखळीची गोष्ट सांगितली. ते जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "म्हणजे खडी संपल्यावर माती पसरायला, खड्डे भरायला, झाडं लावायला माणसं लागतीलच की. डोंगर फोडणारे हात डोंगर लावतील पण." मला ते फार आवडले. माती परत टाकणे हे पण खदानीचेच काम आहे. ते झाल्याशिवाय खदान संपली असे म्हणू नये.

आपण काय करावे?

१) खदानीच्या पाण्यात कधीही पोहू नये. एकट्याने तिथे जाऊ नये.
२) घुबड, साप, वाणी दिसली की मारू नये. मोठ्यांना सांगावे.
३) करवंद, मोह, पळस, खैर यांच्या बिया गोळा करून गुरुजींकडे द्याव्यात. मालकांची परवानगी घेऊन त्या जुन्या खदानीच्या मातीच्या अंगाला टोचायच्या आहेत.
४) पालकांनो, ग्रामसभेत खदानीचा विषय निघाला की एवढे जरूर विचारा : वरची माती कुठे ठेवली आहे? खड्ड्याला कुंपण कधी घालणार? काम संपल्यावर गवत आणि झाडे कोण लावणार?

ओळखा पाहू!

१) पाय पुष्कळ, पण घाई नाही. दुकान नाही, तरी मी वाणी. मी खाणीत काय तयार केले?
२) मी घरटे बांधत नाही, कपारीत राहते, तुमचे धान्य राखते. मी कोण?
३) मी ११३ वर्षे कोणाला सापडलो नाही. मी कोण, आणि आपल्या तालुक्यात कुठे दिसलो?
४) एक बोटाच्या पेराएवढी माती व्हायला किती काळ लागतो?

उत्तरे वरच्या लेखातच आहेत. नाही सापडली तर मला मधल्या सुट्टीत विचारा.

इयत्ता ४ थी, जिल्हा परिषद शाळा, डोळखांब परिसर